शेतात सापडलेल्या नालावरून घोडा कसा ओळखायचा?

मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या शेतांत फिरणाऱ्यांना एखादं नाणं मिळेपर्यंत घोड्यांचे कितीतरी नाल मिळून गेलेले असतात. इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, अमेरिका, कॅनडा, म्हणजे ट्रॅक्टर येण्याआधी जिथे जिथे घोड्यांनी नांगर ओढला, तिथल्या मातीत नाल आहेतच. नाल हातात आला की पहिला प्रश्न हमखास येतो: हा केवढ्या घोड्याचा? आणि उत्तरही बरेचदा ठरलेलं असतं. मोठा दिसला तर चिलखत घातलेल्या सरदाराच्या युद्धाच्या घोड्याचा, लहान दिसला तर गाढवाचा. ही दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात.

मला याचं वाईट वाटतं. शेतावर आणि गाड्यांना राबलेल्या घोड्यांची उंची, वजन, वय सहसा कुणी लिहून ठेवलं नाही. अशा एखाद्या घोड्याच्या आयुष्याची उरलेली एकुलती एक नोंद म्हणजे तो गंजका नाल. ती नोंद वाचता येते. मोजपट्टी, वजनकाटा आणि थोडा धीर एवढ्यावर बरंच काही कळतं. फक्त काय मोजायचं आणि आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे आधी माहीत हवं.

एवढे नाल मातीत आले कुठून?

घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. लोखंडी नाल मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद नाल काढतो, खूर तासतो आणि नाल पुन्हा ठोकतो. जुना झिजला असेल तर नवा बसवतो. हिशेब केला तर चारही पायांना नाल असलेल्या एका घोड्याच्या खुरांवर वर्षभरात २६ ते ३५ वेळा नाल ठोकला जातो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एकट्या अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींहून जास्त जनावरं होती. एवढ्या नालांपैकी अगदी थोडे निखळले, तरी मातीत किती लोखंड गेलं असेल याचा अंदाज येतो.

नाल निखळण्याची कारणं साधी आहेत. खिळ्यांची डोकी झिजतात, नालाची पकड सैल होते आणि ओली चिकणमाती उरलेलं काम करते. दुसरं कारण घोड्याच्या चालीत आहे. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या जागेजवळ येऊन पडतो. त्याने पुढच्या नालाची टाच, म्हणजे मागचं मोकळं टोक, दाबली गेली की पुढचा पाय उचलताना नाल जागच्या जागी राहतो. त्यामुळे निखळलेल्या नालांत पुढच्या पायांचे नाल जास्त असतात. शिवाय फक्त मऊ जमिनीवर राबणाऱ्या घोड्यांना अनेक शेतकरी पुढच्या पायांनाच नाल ठोकत, काही तर ठोकतही नसत.

एक वाट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. शहरांतल्या तबेल्यांमधलं शेणखत गाडीने, बोटीने आणि पुढे रेल्वेने शेतांवर जात असे. त्या खतातून तुटके नाल आणि वाकडे खिळेही जात. म्हणून शेतात सापडलेला नाल त्याच शेतात राबलेल्या घोड्याचा असेलच असं नाही. तो शहराच्या दगडी रस्त्यावर मालगाडी ओढणाऱ्या घोड्याचाही असू शकतो.

डिटेक्टरला नाल कसा दिसतो?

डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलता चुंबकीय प्रवाह जमिनीत जातो. तिथे धातू असेल तर त्यात छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि दुसरी कॉइल ते टिपते. चांदी आणि तांबं वीज उत्तम वाहून नेतात, त्यांचा प्रतिसाद एका प्रकारचा. लोखंड वीज वाहतं आणि स्वतः चुंबकीयही होतं, त्यामुळे त्याचा प्रतिसाद वेगळा. या फरकावरून यंत्र लोखंडाला खालचा, घोगरा आवाज देतं आणि मौल्यवान धातूंना वरचा.

छोट्या खिळ्याच्या बाबतीत हे गणित छान चालतं. नालाच्या बाबतीत ते पुष्कळदा बिघडतं. नाल मोठा, जाड आणि सपाट. एवढ्या लोखंडात विद्युतप्रवाहांना फिरायला ऐसपैस जागा मिळते आणि त्यांचा जोर चुंबकीय परिणामापेक्षा वरचढ ठरतो. मग यंत्र चांदीसारखा उंच, स्वच्छ आवाज देतं. त्यात भोवतालच्या मातीत पसरलेला गंज वस्तू आहे त्याहून मोठी भासवतो.

उपाय हाताशी आहे. कॉइल जमिनीपासून वीतभर उचलून पाहा. नाण्याचा आवाज विरतो, नालाचा बराच टिकतो. मग नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवा. एका दिशेने उंच आणि दुसऱ्या दिशेने घोगरा, तुटक आवाज आला तर खाली मोठं लोखंड असण्याची शक्यता दाट. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वाचं यंत्र वापरलं होतं. ते अपयशी ठरलं, आणि त्यामागे रुग्णाच्या गादीखालच्या धातूच्या स्प्रिंगांचाही हात होता असं मानलं जातं. आसपासचं लोखंड यंत्राची दिशाभूल करतं, हे तेव्हापासून आजवर बदललेलं नाही.

इथे एक सूचना गांभीर्याने घ्यावी. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधल्या शेतांत मोठ्या लोखंडाचा आवाज म्हणजे महायुद्धातला न फुटलेला तोफगोळाही असू शकतो. खणताना गोलसर, लांबट कड दिसली तर हात काढून घ्या, जागेवर खूण करा आणि पोलिसांना कळवा.

मोजायचं काय आणि कसं?

सर्वांत महत्त्वाचं माप म्हणजे रुंदी: नाल जिथे सर्वांत रुंद आहे तिथे एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत. मग लांबी, म्हणजे पुढच्या टोकापासून दोन्ही टाचांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत. त्यानंतर नालाच्या लोखंडी पट्टीची रुंदी आणि जाडी, शेवटी वजन.

इथे गंज फसवतो. लोखंड गंजताना पाणी आणि ऑक्सिजन स्वतःत घेतं, त्यामुळे गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. त्यात वाळू आणि खडे चिकटतात. असा गंजाचा गोळा झालेला नाल हातात जड आणि जाडजूड वाटतो, प्रत्यक्षात आतलं लोखंड निम्मंही उरलेलं नसेल. म्हणून गंजाच्या थरासकट केलेल्या वजनावर कधीच विसंबू नये. रुंदीतही दोन्ही बाजूंच्या गंजाने सेंटिमीटरभर वाढ सहज होते.

खिळ्यांची भोकं मात्र जागा सोडत नाहीत. कडा फुगली किंवा झिजली तरी भोकाचा मध्य जिथे होता तिथेच राहतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर मोजून ठेवावं. खिळे खुराच्या कडेच्या कठीण भागातच ठोकले जातात, त्यामुळे हे अंतर थेट खुराचं माप सांगतं. माझ्या मते जुन्या नालाचं सर्वांत भरवशाचं माप हेच आहे, आणि फार थोडे लोक ते घेतात.

नांगराचा फाळ लागून नाल वाकलेला किंवा फाकलेला नाही ना, हेही पाहावं. दोन्ही बाजू पुढच्या टोकापासून सारख्या वळत नसतील तर रुंदीचा आकडा खोटा आहे. अशा वेळी एका बाजूचं माप घेऊन दुसरी कागदावर पूर्ण करावी.

पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे दुप्पट घोडा

आता मूळ प्रश्न. ढोबळमानाने पोनीचा, म्हणजे लहान चणीच्या घोड्याचा, नाल १० ते ११.५ सेंटिमीटर रुंद असतो. आजच्या सर्वसाधारण स्वारीच्या घोड्याचा १२ ते १४. हलक्या गाडीच्या किंवा शेतावरच्या सर्व कामांच्या मजबूत घोड्याचा १४ ते १६. खऱ्या अर्थाने जड ओढकामाच्या घोड्याचा १७ च्या पुढे, आणि शायर किंवा क्लाइड्सडेल जातीच्या मोठ्या घोड्यांचा २० सेंटिमीटर आणि त्याहून थोडा जास्त.

हे आकडे पाहून अनेकांचा हिरमोड होतो. सामान्य घोडा आणि राक्षसी घोडा यांत एवढाच फरक? पण हा फरक अजिबात लहान नाही.

५०० किलोचा स्वारीचा घोडा घ्या, नाल १३ सेंटिमीटर. आता त्याच्या दुप्पट, १००० किलोचा ओढीचा घोडा घ्या. उभं राहिल्यावर घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. म्हणजे पहिल्याच्या पुढच्या एकेका खुरावर १५० किलो आणि दुसऱ्याच्या ३०० किलो. जमिनीवरचा दाब सारखाच राहायचा असेल तर खुराचं क्षेत्रफळ दुप्पट हवं. क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढतं, म्हणून रुंदी दुप्पट व्हायची गरज नाही, १.४१ पट पुरते. १३ गुणिले १.४१ म्हणजे साधारण १८.४ सेंटिमीटर. प्रत्यक्षात जड घोड्यांचे नाल याच्या आसपासच मिळतात. पाच-साडेपाच सेंटिमीटरच्या फरकात अख्खा दुसरा घोडा सामावलेला असतो, आणि म्हणूनच गंजाने वाढलेला एक सेंटिमीटर इतका घातक ठरतो.

वजनाचं गणित आणखी वेगाने पळतं. रुंदी, पट्टी आणि जाडी सगळीच १.४१ पट वाढली तर लोखंड २.८ पट लागतं. स्वारीच्या घोड्याचा पोलादी नाल साधारण ३५० ग्रॅमचा धरला तर जड घोड्याचा एक किलोपर्यंत जातो. पक्क्या रस्त्यावर झिजायला म्हणून पट्टी आणखी जाड ठेवली की दीड-दोन किलो सहज. त्यामुळे साफ केलेल्या, चांगल्या टिकलेल्या नालाचं वजन रुंदीपेक्षाही स्पष्ट बोलतं. रुंदीने तुम्ही साशंक असाल, वजनाने सहसा नसाल.

मोठ्या क्लाइड्सडेल घोड्यांच्या नालाबद्दल २० इंच आणि ५ पौंड असे आकडे पुष्कळदा वाचायला मिळतात. आकडे खरे आहेत, पण २० इंच ही रुंदी नाही. नालाच्या वळणावरून एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत फिरत मोजलेली ती लांबी आहे, म्हणजे तो नाल सरळ केला तर पट्टी ५० सेंटिमीटरच्या वर भरेल. त्याची रुंदी २३ सेंटिमीटरच्या आसपास येते. ५ पौंड म्हणजे सुमारे २.३ किलो. हा गैरसमज दूर झाला की अर्ध्याअधिक शंका मिटतात.

आजवर नोंद झालेला सर्वांत उंच घोडा म्हणजे १८४६ मध्ये इंग्लंडच्या बेडफर्डशायरमध्ये जन्मलेला सॅम्प्सन नावाचा शायर. त्याची उंची सुमारे २१९ सेंटिमीटर आणि वजन १५२४ किलो सांगितलं जातं. वरचंच गणित त्याला लावलं तर नालाची रुंदी २३ सेंटिमीटरच्या जवळपास निघते. म्हणून कुणी ३० सेंटिमीटरचा नाल दाखवून घोड्याचा म्हणून सांगू लागला तर तो कुठल्याही खुरावर बसलेला नसणार. लोहार आणि नालबंद दुकानाची खूण म्हणून असे मोठे नाल घडवून टांगत. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत का ते पाहिलं की उलगडा होतो.

आता थोडा सावधपणा. सगळ्या जड घोड्यांचे खूर सारखे नसतात. शायर आणि क्लाइड्सडेलचे खूर पसरट. इंग्लंडच्या सफोक पंचचे अंगाच्या मानाने आटोपशीर, फ्रान्सच्या पर्शेरॉनचेही तसेच. म्हणजे १६ सेंटिमीटरच्या नालावर ८०० किलोचा सफोकही उभा राहिलेला असू शकतो. उलट प्रदर्शनात नेल्या जाणाऱ्या क्लाइड्सडेलना बाहेरची कड तिरकी पसरवलेले, 'स्कॉच बॉटम' म्हणून ओळखले जाणारे नाल ठोकतात. त्यांत खूर आहे त्याहून मोठा दिसतो, आणि नालावरून घोड्याचा अंदाजही तितकाच फुगतो. इथेही भोकांमधलं अंतरच खरं सांगतं.

पाय कोणता, काम कोणतं?

पुढचा खूर गोल असतो, मागचा पुढच्या टोकाकडे निमुळता आणि अंडाकृती. नालही तसेच. एकाच घोड्याचा मागचा नाल पुढच्यापेक्षा अरुंद भरतो, त्यामुळे नाल कुठल्या पायाचा हे ठरवल्याशिवाय वर दिलेल्या मापांशी तुलना करू नये. साडेसोळा सेंटिमीटरचा निमुळता मागचा नाल खऱ्या जड घोड्याचा असू शकतो. साडेसोळाचा गोल पुढचा नाल त्याहून हलक्या घोड्याचा.

डावा की उजवा हेही पुष्कळदा कळतं. खुराची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा थोडी जास्त फुगीर असते. ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीने सात खिळे ठोकत, चार बाहेरच्या बाजूला आणि तीन आतल्या. अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या नालांना बहुधा दोन्हीकडे चार-चार भोकं. मोठ्या नालांना भोकं जास्त असू शकतात, शिवाय ती मोठीही असतात, कारण जाड पट्टीला जाड खिळा लागतो. काही भोकं रिकामी आणि काहींत खिळ्याचे तुकडे अडकलेले असतील तर नाल घोड्याच्या पायातून निसटला असण्याची शक्यता जास्त. सगळे खिळे काढलेले असतील तर बहुधा नालबंदाने काढून टाकला.

टाचेकडची टोकं खाली दुमडलेली असतील तर ती पकडीसाठी. चढावर, दगडी फरसबंदीवर, बर्फावर भार ओढताना घोडा मागच्या पायांनी जमीन ढकलतो आणि घसरला तर गाडीखाली सापडू शकतो. म्हणून ओढकामाच्या मागच्या नालांना अशा टाचा जास्त दिसतात. हिवाळ्यासाठी स्क्रूने बसवायचे टोकदार खुंटेही निघाले. नालाच्या टाचेत आटे पाडलेलं भोक दिसलं तर ते त्यांचं.

झीज पाहायला विसरू नका. पुढचं टोक कागदासारखं पातळ झालेला जड नाल म्हणजे त्या घोड्याने आठवडेच्या आठवडे कठीण जमिनीवर जोर लावला. अशा नालापुढे मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं. एवढं जाड पोलाद घासून संपवणारा भार कुणीतरी खरोखर ओढला होता.

दोन गोष्टींचा घोटाळा फार होतो. एक, बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ तुकडे लागतात, स्वल्पविरामाच्या आकाराचे. त्यांना लोक अर्धा तुटलेला नाल समजतात. तुकड्याचं एक टोक रुंद आणि दुसरं सफाईदार निमुळतं असेल, मोडल्याची खूण नसेल, तर ती पत्री. दुसरा, खेचराचा नाल. तो अरुंद, लांबट, आणि त्याच्या बाजू जवळजवळ सरळ असतात. गाढवाचाही तसाच, पण खूपच लहान. छोटा पण गोल नाल गाढवाचा नसतो.

लहान नाल, जुना काळ

आता युद्धाच्या घोड्याकडे येऊ. मध्ययुगातला चिलखती सरदार शायरसारख्या प्रचंड घोड्यावर बसे ही समजूत घट्ट रुजलेली आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या १७१ पुरातत्त्वीय ठिकाणांवर सापडलेली, इसवी सन ३०० ते १६५० या काळातली घोड्यांची हाडं तपासली गेली. बहुतेक घोडे १४८ सेंटिमीटरपेक्षा बुटके निघाले, म्हणजे आजच्या हिशेबाने पोनीच. नॉर्मन काळातला, म्हणजे १०६६ नंतरचा, त्यांतला सर्वांत मोठ्यांपैकी एक घोडा विल्टशायरच्या ट्रोब्रिज किल्ल्यावर सापडला, तोही साधारण १५२ सेंटिमीटर उंचीचा.

कायद्यांतूनही हेच दिसतं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० च्या कायद्याने सामाईक कुरणांवर १५ हातांपेक्षा, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटरपेक्षा बुटके नर घोडे सोडायला बंदी केली. घोड्यांच्या उंचीचा 'हात' म्हणजे चार इंच. राजाला घोडे उंच करण्यासाठी कायदा करावा लागतो, याचा अर्थ बहुतेक घोडे लहानच होते.

म्हणून मध्ययुगीन नाल बहुतेक १० ते ११ सेंटिमीटरचे असतात. गाढवाचा म्हणून कोपऱ्यात टाकलेला लहान नाल आठशे वर्षं जुना असू शकतो, आणि मोठा भारदस्त नाल बहुधा एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातला. जड घोड्यांची पद्धतशीर पैदास हीच मुळात अलीकडची. क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी १८७७ ची, शायरची संस्था १८७८ ची.

काळ ठरवायला घडणही मदत करते. साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातले अनेक नाल अरुंद पट्टीचे, आणि त्यांची बाहेरची कड नागमोडी. अरुंद पट्टीत खिळ्यासाठी मोठी खोलगट जागा ठोकली की लोखंड बाहेर फुगतं, म्हणून ती लाट. त्यानंतरचे नाल रुंद पट्टीचे, गुळगुळीत कडेचे आणि चौकोनी भोकांचे. भोकांच्या रांगेतून जाणारा सलग चर साधारण सतराव्या शतकापासून रूढ होत गेला. पुढच्या टोकाशी खुरावर वळवलेली छोटी पट्टी, म्हणजे क्लिप, दिसली तर नाल बहुधा एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा.

मग यंत्रं आली. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरातल्या हेन्री बर्डन यांनी १८३५ मध्ये नाल बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. सुधारलेलं यंत्र मिनिटाला ६० नाल पाडू लागलं. अशा नालांवर कधीकधी अंक उमटवलेला असतो. तो आकाराचा क्रमांक, इंच नव्हे. स्वारीच्या घोड्यांना ०, १, २ असे लहान क्रमांक आणि ओढीच्या घोड्यांना ५ च्या पुढचे. पण हे क्रमांक कारखान्यागणिक बदलत, म्हणून क्रमांक दिसला तरी मोजपट्टी लावावीच.

खणण्याआधी आणि साफ करण्याआधी

जमीनमालकाची परवानगी सगळीकडे लागते, कायदे मात्र देशागणिक वेगळे. फ्रान्समध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी सरकारी परवाना हवा. आयर्लंडमध्ये १९८७ पासून त्याच हेतूने डिटेक्टर वापरायला संमती लागते. अमेरिकेत १९७९ च्या कायद्याने संघराज्याच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना संरक्षण दिलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर कायदा आहे. साधा लोखंडी नाल त्याच्या व्याख्येत सहसा येत नाही, तरी जुना वाटणारा नाल तिथल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या अधिकाऱ्याला जरूर दाखवावा.

हातोडीने ठोकून गंज काढू नका. गंजाच्या थरातच कधी कडेची मूळ रेषा आणि भोकांचा आकार शिल्लक असतो. कारखान्यात बनलेला अलीकडचा जड नाल असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कमी दाबाच्या एकदिश (डीसी) विद्युतप्रवाहाने गंज सैल करता येतो. त्यासाठी विद्युतप्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा जोडावा. स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन वायू सुटतो. नंतर स्वच्छ पाण्यात बरेच दिवस भिजवून, पूर्ण वाळवून मेणाचा पातळ हात द्यावा. नागमोडी कडेचा किंवा रुंद पट्टीचा जुना नाल मात्र घरी या वाटेने नेऊ नये. तो कोरडा ठेवावा आणि जाणकारांच्या हाती द्यावा.

नाल उचलण्याआधी जागेची नोंद करा. सुट्या नालापेक्षा एकाच शेतातल्या अनेक नालांच्या नोंदी एकत्र कितीतरी जास्त सांगतात. ते एका ओळीत पडले असतील तर तिथून कधी वाट गेली असेल. एका कोपऱ्यात गर्दी असेल तर तिथे जुनं फाटक किंवा ओढ्याचा उतार असेल. सगळीकडे विखुरलेले, वेगवेगळ्या मापांचे आणि खापरांच्या तुकड्यांसोबत आलेले असतील तर ते शहरातून आलेल्या खताबरोबर पसरले असण्याची शक्यता आहे. प्रत्येक नालाला चिठ्ठी बांधून तिच्यावर रुंदी, समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर, पुढचा की मागचा पाय, वजन आणि सापडल्याची जागा लिहून ठेवा. वजनापुढे ते गंज काढण्याआधीचं की नंतरचं, हेही लिहा.